मोठ्याईची गव्हाण

औसा तालुक्यातलं आमचं घर दोन खणांचं होतं. दारातून आत आलं की पहिला खण जनावरांचा. तिथून हातभर उंच ओटा आणि त्या ओट्यावर दुसरा खण माणसांचा. मधे भिंत नव्हती. वर एकच माळवद, त्यावर पांढरी माती, आणि एकाच सवण्यातून दोन्ही खणांत येणारा उजेड. ओट्याच्या काठाला लागून दगडाची गव्हाण होती. बैलांनी कडब्याला तोंड घातलं की त्यांची शिंगं आमच्या अंथरुणाच्या उशाशी यायची. पुस-माघाच्या थंडीत त्यांच्या श्वासाची ऊब आम्हाला लागायची आणि रात्री कधी जाग आली तर रवंथाचा आवाज ऐकत पुन्हा झोप यायची.

आम्ही चुलत-आत्ये मिळून अकरा भावंडं. त्यातली नऊ आज हयात आहोत, बहुतेक सगळी पन्नाशीच्या पुढची. कुणी लातूरला, कुणी नांदेडला, एक पुण्यात. नाताळला एकत्र जमलो की बोलणं हमखास त्या गव्हाणीवर येतं. कारण आम्ही अकराही जण तिच्यात झोपून आलेलो आहोत.

मोठ्याईची, म्हणजे आमच्या आजीची, ती रीत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती गव्हाण रिकामी करून धुऊन घ्यायची, तळाला नवा कडबा अंथरायची, त्यावर आपल्या जुन्या लुगड्याची चौघडी. मूर्ती ठेवायची नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात बिदर-उदगीरकडून मेथडिस्ट मिशनचं काम आमच्या भागात आलं आणि आमचं घर त्या मंडळीतलं. मेथडिस्ट घरात मूर्तीला जागा नव्हती. पहाटे उपासनेआधी वस्तीत त्या वर्षी जन्मलेलं सगळ्यात लहान लेकरू आणायचं, गव्हाणीत घटकाभर निजवायचं, सगळ्यांनी भोवती उभं राहून प्रार्थना करायची, आणि लेकरू रडलं की उचलून घ्यायचं. लेकरू ख्रिस्ती घरातलंच पाहिजे असंही नव्हतं. शेजारच्या घरातलं एकदा आणलेलं मला आठवतं. अक्का म्हणते दोनदा.

नांदेडच्या आत्याच्या घरी नाताळ वेगळा असायचा. आत्या दिली होती कॅथलिक घरात. १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, नांदेड-लातूर त्यात आले, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी घरी पेढे वाटलेले आम्ही खाल्लेत. तिच्या माडीवर पवित्र मरियेची निळ्या वस्त्रातली मूर्ती होती, जपमाळ होती, आणि नाताळला देखावा. लाकडी पट्ट्यांची झोपडी, छपरावर कापसाचा बर्फ, एक बैल, एक गाढव, गुडघे टेकलेले मेंढपाळ, उंटांसकट तीन राजे आणि वर चांदीच्या कागदाचा तारा. मराठवाड्यात वाढलेल्या आम्हा पोरांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. तो कापूस पाहूनच आम्हाला थंडी वाजायची. त्या देखाव्यापुढे आत्या मेणबत्ती लावून बसली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी पुढे फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

गावच्या घरात मात्र भिंतीवर येशूचा एकच फोटो. फोटोच म्हणायचो आम्ही त्याला. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, फिकट दाढी, वर पाहणारे डोळे, कपाळावर उजेड. आमचे अण्णा, म्हणजे वडील, नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्या फोटोची काच फुटली तेव्हा ते आम्हा दोघा भावांना घेऊन वजिराबादेतल्या एका फ्रेमवाल्याकडे गेले. दुकानात ओळीनं तसबिरी मांडलेल्या होत्या. घोड्यावरचे गुरू गोविंदसिंगजी, शिर्डीचे साईबाबा आणि आमचा येशू. अण्णांनी विचारलं, "यातला खरा फोटो कुणाचा?" आम्ही म्हणालो, तिन्ही. अण्णा म्हणाले, "साईबाबांचे फोटो निघाले होते. ते १९१८ पर्यंत हयात होते. गुरुजी आपल्या नांदेडात १७०८ मध्ये वारले, तेव्हा कॅमेरा नव्हता. आणि येशू तर त्यांच्याही सतराशे वर्षं आधीचा. ही दोन्ही चित्रं आहेत. कुणीतरी प्रेमानं काढलेली."

माझा धाकटा भाऊ दुकानातच रडायला लागला. सात वर्षांचा होता. रोज रात्री ज्या डोळ्यांकडे बघून तो प्रार्थना म्हणायचा, ते डोळे कुणीतरी काढलेले होते, हे त्याला सोसलं नाही. अण्णांनी त्याला कडेवर घेतलं, पण शब्द मागे घेतला नाही. आज मी आजोबा झालो आहे आणि मला वाटतं, त्यांनी दोन्ही बरोबर केलं.

ते चित्र कुणाचं, हे अण्णांनीच पुढे शोधून काढलं. शिकागोच्या वॉर्नर सॉलमन नावाच्या चित्रकारानं १९२४ मध्ये एका मासिकासाठी कोळशानं एक रेखाटन केलं आणि १९४० मध्ये त्यावरून हे तैलचित्र रंगवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात मावणाऱ्या प्रती अमेरिकन सैनिकांना वाटल्या गेल्या आणि नंतर कॅलेंडरांवरून, पुस्तकांवरून ते जगभर कोट्यवधी घरांत पोचलं. आमच्या माळवदाखालीही पोचलं. शुभवर्तमानांत येशूच्या रूपाबद्दल एक ओळही नाही. उंची, रंग, केस, काहीच नाही. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपस या उजाड शहरात १९३०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा एका घरात ख्रिस्ती लोकांची उपासनेची खोली सापडली. तिच्या भिंतीवर, साधारण इ.स. २३५च्या सुमारास, पक्षाघात झालेल्याला बरं करणारा येशू रंगवलेला आहे. येशूच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी ते एक. त्यात तो बिनदाढीचा, आखूड केसांचा तरुण आहे. लांब केस आणि दाढी चौथ्या शतकापासून रूढ होत गेली. आणि पौलानं तर करिंथच्या मंडळीला लिहिताना पुरुषानं केस वाढवणं त्याला कमीपणाचं ठरवलं आहे. येशूचे केस खांद्यावर रुळत असते तर त्याला तसं लिहायला जड गेलं नसतं का, असं अण्णा विचारायचे.

एका दिवाळीच्या सुटीत अण्णा आम्हा सगळ्यांना एसटीनं तेरला घेऊन गेले. तेर म्हणजे गोरा कुंभारांचं गाव, तेरणेच्या काठचं. पण अण्णांना दाखवायचं होतं ते रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय. मातीच्या मूर्ती, दिवे, मणी, शंखाच्या बांगड्या. अण्णा एका काचेसमोर उभे राहून म्हणाले, "याला तेव्हा तगर म्हणत. पेरिप्लस नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे, पहिल्या शतकातलं, जहाजावरच्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं. त्यात तगरचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर घालून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं रोमन राज्यात. येशू ज्या राज्यात जन्मला आणि ज्या राज्यानं त्याला मारलं, त्या राज्यात." मग थोडं थांबून, "तो खरोखर होऊन गेला, पोरांनो. आपल्या तेरच्या बाजारात गाड्या भरल्या जात होत्या तेव्हा."

येशू म्हणजे ढगांवर राहणारा कुणीतरी, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. तेरच्या मातीच्या दिव्याचं नि येशूचं शतक एकच आहे, हे कळल्यावर तो मला पहिल्यांदा माणूस वाटला. पुरावा श्रद्धा हिरावून घेतो असं म्हणतात. माझ्या बाबतीत पुराव्यानंच तिला जमीन दिली.

अण्णांची एक दोनशे पानी वही होती. तीत डाव्या पानावर 'लिहिलेलं' आणि उजव्या पानावर 'सापडलेलं'. डावीकडे पंतय पिलात, तर उजवीकडे कैसरियात १९६१ मध्ये सापडलेला, त्याचं नाव कोरलेला दगड. डावीकडे वधस्तंभ, तर उजवीकडे जेरुसलेमच्या उत्तरेला १९६८ मध्ये एका कबरीत सापडलेलं, आरपार खिळा अडकून राहिलेलं पहिल्या शतकातल्या एका माणसाच्या टाचेचं हाड. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं येशूच्या मंडळीबद्दल तिरस्कारानं लिहिताना, पिलाताच्या हाताखाली ख्रिस्ताला देहदंड झाला, हे सहज नोंदवून टाकलं आहे. अण्णा म्हणायचे, ज्याला आपल्याशी काही घेणंदेणं नाही त्याची साक्ष जास्त भारी.

पण उजवं पान नेहमी डाव्याच्या बाजूनं बोलायचं नाही. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला. हेरोद इ.स.पूर्व ४च्या सुमारास मेला. म्हणजे सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या मठवाशानं ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायला सुरुवात केली, त्याच्या हिशेबातच काही वर्षांची चूक होती. हे एवढं अण्णांना सहज पचलं. पुढचं पचलं नाही. लूक जन्माच्या वेळी क्विरीनियाची नावनिशी चालू होती असं सांगतो आणि जोसिफसच्या इतिहासावरून ती इ.स. ६ मध्ये, हेरोद मेल्यावर सुमारे दहा वर्षांनी झाली. दोन शुभवर्तमानं, दोन काळ. अण्णांनी त्यावर केलेले खुलासे वाचले, कुठलाच मनाला पटला नाही. त्या उजव्या पानावर त्यांनी शाईनं एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते त्यांनी शेवटपर्यंत खोडलं नाही, आणि रविवारची उपासनाही कधी चुकवली नाही. वही आता माझ्याकडे आहे.

मोठ्याईला अक्षरओळख बेताची, पण शास्त्र अर्ध्याहून अधिक पाठ. तिचे प्रश्न वहीत नसायचे, रानातून यायचे. एकदा हुरडा भाजताना ती म्हणाली, "लूकात मेंढकं रात्री रानात राखणीला हायती. आता डिसंबरात आपल्या रानात जवारी उभी. मेंढरं बसवलालाव का कुणी?" आमच्याकडे पीक निघाल्यावर रिकाम्या वावरात धनगर कळप बसवतात, खतासाठी. बेथलेहेमचा पाऊस आणि पेरणी आपल्यासारखी नाही, त्यामुळे तिच्या प्रश्नानं तिथलं काही सिद्ध होत नव्हतं. पण प्रश्न अचूक होता. २५ डिसेंबर ही तारीख कुठल्याच शुभवर्तमानात नाही. रोममधल्या इ.स. ३५४च्या एका पंचांगवजा ग्रंथात ती प्रथम स्पष्ट दिसते आणि आर्मेनियाची मंडळी आजही ६ जानेवारीच पाळते. अण्णांनी हे सांगितल्यावर मोठ्याई म्हणाली, "मला कुठं माझी जन्मतारीख ठावं हाय? पर मी जन्मले नव्हं!" आणि कणसं राखेतून काढून आमच्या पुढ्यात टाकली.

आमच्या घरातही एक अशीच कथा होती. पणजोबांनी, म्हणजे मोठ्याईच्या सासऱ्यांनी, मांजरेच्या महापुरातून पोहत जाऊन पलीकडे बाप्तिस्मा घेतला. ही कथा आम्ही इतक्या वेळा ऐकली की पाणी किती गढूळ होतं तेही सांगू शकलो असतो. पुढे माझ्या चुलतभावाला मंडळीच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडली. बाप्तिस्मा झाला होता मे महिन्यात. मेमध्ये मांजरेत घोटाभर पाणी नसतं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मग आत्यालाच आठवलं की पूर खरा होता, पण तो नंतरच्या कुठल्यातरी पावसाळ्यातला. तापानं फणफणलेल्या पोराला डोक्यावर घेऊन पणजोबा पुरातून बिदरच्या मिशन दवाखान्यात गेले होते. ते पोर म्हणजे आमचे आजोबा. दोन खऱ्या गोष्टी सांगता सांगता एक झाल्या होत्या.

अण्णांना या शोधाचा केवढा आनंद झाला! आत्याच्या देखाव्यासमोर बसवून त्यांनी आम्हाला समजावलं. मेंढपाळ फक्त लूकात आहेत, मागी, म्हणजे देखाव्यातले ते राजे, फक्त मत्तयात. मागी किती होते ते मत्तयानं लिहिलेलं नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन झाली. ते राजे होते असंही लिहिलेलं नाही. आणि ते आले ते गोठ्यात नव्हे, घरात. बैल-गाढव दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत, ते यशयाच्या एका वचनातून चालत आले. या सगळ्यांना एकाच रात्री एकाच छपराखाली उभं केलं ते भक्तीनं. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं खऱ्या जनावरांसह गव्हाण मांडून नाताळ केला आणि देखाव्याची रीत तिथून घरोघर गेली. अण्णा म्हणाले, "आपल्या पणजोबाच्या पुरासारखंच झालं हे. खोटं बोलायचं म्हणून कुणी बोललं नाही. सगळं एकदम आठवलं." आत्या जपमाळ हातात घेऊन ऐकत होती. तिनं देखाव्यातला एकही पुतळा काढला नाही. फक्त पुढच्या वर्षीपासून उंटवाल्यांना झोपडीपासून लांब, खिडकीच्या कठड्यावर ठेवायला लागली आणि रोज वीतभर पुढे सरकवायची. सहा जानेवारीला ते पोचायचे.

अक्का परिचारिकेच्या शिक्षणाला पुण्याला गेली, तेव्हा तिथून तिनं एक नाताळकार्ड पाठवलं. अँजेलो द फोन्सेका यांच्या चित्राचं. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात शिकले आणि पुढे पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. त्यांची मरिया साडीतली, डोक्यावर पदर घेतलेली, सावळी. गोव्यात त्यावरून त्यांना खूप बोल ऐकावे लागले होते. मोठ्याईनं ते कार्ड सॉलमनच्या चित्राच्या चौकटीत खाली खोचून ठेवलं.

इतिहासाच्या कसोटीला लावलं तर पदर घेतलेली मरियाही खरी नाही, हे आम्हाला कळत होतं. मग तिच्याकडे पाहताना फसवल्यासारखं का वाटत नव्हतं? मला वाटतं, ते चित्र स्वतःला चित्रच म्हणवतं, म्हणून. नासरेथची बाई पुण्याची साडी नेसली नव्हती हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं आणि चित्रकारालाही. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ओव्यांतलं क्रिस्तपुराण छापलं गेलं, पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, तेव्हा येशू ओव्या म्हणत होता असं कुणाला वाटलं नाही. सॉलमनच्या चित्राचा दोष एवढाच की आम्ही त्याला फोटो समजत होतो. दोष चित्राचा नव्हे खरं तर, आमच्या समजुतीचा.

आता जे सांगायचं आहे ते मला सगळ्यात अवघड आहे.

आमच्या वस्तीत दर नाताळला नाटक व्हायचं. योसेफ आणि दिवस भरलेली मरिया दारोदार हिंडतात, धर्मशाळेचा मालक दार लावून घेतो, जागा नाही म्हणतो. मालकाचं काम आमचे मोठे काका करायचे. फेटा बांधून, हातात काठी घेऊन. ते ज्या शब्दांत योसेफाला हाकलायचे ते शब्द बेथलेहेमचे नव्हते. पणजोबांच्या काळी आमच्या माणसांना गावच्या आडावर पोहरा टाकू देत नसत. पाण्यासाठी तासन् तास कुणीतरी ओतेल म्हणून उभं राहावं लागे. एकदा पणजोबांनी हात पुढे केला म्हणून त्यांना आडावरून हाकललं, तेव्हाचे ते शब्द होते. दार बंद झालं की बायका पदर डोळ्याला लावायच्या. मोठ्याई दरवर्षी रडायची. जागा नाही म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. देवाच्या लेकरालाही दारातून परत पाठवलं, तो आपल्यातला झाला, हाच तिच्या विश्वासाचा कणा होता.

ऐंशीच्या दशकात यवतमाळच्या सेमिनरीत शिकलेले एक तरुण पाळकसाहेब आमच्याकडे आले. त्यांना ग्रीक येत होतं. शास्त्राभ्यासात एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं की लूकात धर्मशाळेचा मालक नाहीच. ज्याचं भाषांतर उतारशाळा केलं आहे तो मूळ शब्द काताल्युमा. तोच शब्द लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो, आणि खरी पैसे देऊन राहायची धर्मशाळा, जखमी माणसाला चांगला शोमरोनी नेतो ती, सांगताना वेगळाच शब्द घालतो. काताल्युमा म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली असू शकते. केनेथ बेली या अभ्यासकानं पश्चिम आशियातल्या खेड्यांत कितीतरी वर्षं राहून हेच मांडलं होतं. योसेफ आपल्या मूळ गावी आला होता, नात्यातलं कुणी त्याला दारातून परत पाठवणं शक्य नाही. पाहुण्यांची खोली भरलेली होती, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्यातच घेतलं. पाळकसाहेबांनी फळ्यावर त्या घराचा नकाशा काढला. दारातून आत आलं की खालचा भाग जनावरांचा. तिथून हातभर उंच ओट्यावर माणसं. मधे भिंत नाही. ओट्याच्या काठाला गव्हाण.

फळ्यावर आमचं घर होतं. अण्णा उभे राहिले. आम्ही पोरं एकमेकांकडे बघायला लागलो. आत्याच्या घरची बर्फातली एकाकी झोपडी नव्हे, आमचं दोन खणांचं घर. दुसऱ्या शतकातला जस्टिन हा ख्रिस्ती लेखक जन्माची जागा गुहा होती असं लिहितो, पण बेथलेहेमकडच्या डोंगराळ मुलखात गुहेला लागून घर बांधायची पद्धतच होती, तेव्हा त्यानंही फार बिघडत नव्हतं. काही अभ्यासक हा अर्थ मान्य करत नाहीत, हेही पाळकसाहेबांनी सांगितलं. पण अण्णांना त्या रात्री झोप लागली नाही.

मोठ्याई मात्र गप्प झाली. चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी जनावरांना पाणी दाखवून आली आणि अण्णांसमोर बसली.

"घरात घेतलंतं म्हण."

"तसं दिसतंय, आई."

"मग माझ्या सासऱ्याला आडावरून हाकललं, ते खोटं हाय का?"

अण्णांचा आवाज मी तसा त्याआधी ऐकला नव्हता. म्हणाले, "ते खरं आहे, आई. शंभर टक्के खरं आहे. ते लूकानं लिहिलेलं नाही, एवढंच. ते आपण लिहायचं आहे."

मोठ्याईनं बराच वेळ गव्हाणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग नाटकात दार लावू नका. आडाची गोष्ट आडाची म्हणून सांगा. येशूच्या आडून नको."

त्या वर्षी नाटक बदललं. आधी मोठे काका फेटा न बांधता, साध्या सदऱ्यात पुढे आले आणि आपल्या आज्याचं नाव घेऊन, आडाचं नाव घेऊन, काय झालं ते सांगितलं. गावातले इतर लोकही नाटकाला बसलेले असायचे. सगळं शांत झालं. एक म्हातारे उठून गेले, बाकीचे बसून राहिले. त्यानंतर नाटक सुरू झालं. योसेफ आणि मरिया दारात येतात, घरातली म्हातारी कंदील वर धरून बघते, बैलांना एका अंगाला सरकवते आणि म्हणते, या. म्हातारीचं काम मोठ्याईनं केलं. त्या वर्षी ती रडली नाही. बाकी सगळे रडले.

मोठ्याई १९९० मध्ये गेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला चारेक मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले होते. माळवदाची तीच पांढरी माती आणि तेच दगड हजारो माणसांच्या अंगावर आले. आमचे मोठे काका-काकू त्या रात्री अंगणात झोपले होते म्हणून वाचले. वस्तीतली सतरा माणसं गेली, त्यातली तीन लेकरं कधीतरी त्या गव्हाणीत निजलेली. त्या नाताळात पत्र्याच्या शेडात कुणाच्याच तोंडून गाणं निघेना. पाळकसाहेबांनी फक्त नावं वाचली.

ढिगारा उपसताना सॉलमनचं चित्र चिंध्या झालेलं निघालं. फोन्सेकांचं कार्ड सापडलंच नाही. गव्हाण एका कोपऱ्याला टवका उडून तशीच निघाली.

२००१ मध्ये रिचर्ड नीव्ह या ब्रिटिश तज्ज्ञानं पहिल्या शतकातल्या ज्यू पुरुषाच्या कवटीवरून एक चेहरा घडवला. आखूड कुरळे केस, रुंद नाक, उन्हानं रापलेली कातडी. वर्तमानपत्रात आलेला तो फोटो अण्णांनी आत्याला दाखवला. तिनं क्षणभर पाहिलं आणि कागद पालथा घातला. म्हणाली, "हा त्या कवटीवाल्याचा चेहरा हाय. माझ्या येशूचा कशावरून?" अण्णांनी कबूल केलं, नाहीच. त्या काळचा तिथला माणूस साधारण कसा दिसे, एवढंच तो चेहरा सांगतो. आत्या त्या दिवशी अण्णांपेक्षा काटेकोर होती आणि अण्णांनी ते तिला तसं म्हणूनही दाखवलं. तिच्या देवघरातली निळी मरिया तिच्या शवपेटीपर्यंत तिच्याबरोबर होती.

पुनर्वसनातल्या गावात घरं सिमेंटची आहेत. गोठे लांब. गव्हाण काकांच्या अंगणात लिंबाखाली ठेवलेली असते, एरवी चिमण्यांच्या पाण्याची. लातूरच्या शाळेत शिकणारा माझा नातू गेल्या डिसेंबरात तिच्याकडे बघून म्हणाला, "येशूची गव्हाण लाकडाची असते ना? कार्डावर तशीच आहे." माझा धाकटा भाऊ, तोच फ्रेमवाल्याच्या दुकानात रडलेला, त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काताल्युमा, ओटा, दोन खण, आडाची गोष्ट वेगळी, पणजोबाचा पूर वेगळा, तेरच्या गाड्या. सांगून होईपर्यंत अंधार पडला.

पहाटे गल्लीतल्या एका घरातून दोन महिन्यांची पोर आणली. तिची आई आमच्या मंडळीतली नव्हे. सुनेनं लुगड्याची चौघडी केली, मोठ्याईच्याच एका लुगड्याचा उरलेला काठ अक्कानं जपून ठेवला होता तो वर घातला. नातवानं कडबा पसरला. पोर रडली नाही. टवका उडालेल्या कोपऱ्याकडे मान वळवून तिनं मूठ उघडली आणि कडब्याची एक काडी धरली. सोडेना.